वोल्फ्सबुर्गचं वार्तापत्र : हिशेब कामगारांच्या पुढ्यात

जर्मन कंपनी म्हटलं की पुण्यात शिस्तीचं आणि यंत्रांचं कौतुक सुरू होतं. फोक्सवागेनच्या वोल्फ्सबुर्गमध्ये आलेला मराठी माणूस थक्क होतो ते वेगळ्याच गोष्टीने. इथे कंपनी अडचणीत आली की साहेबांना कामगारांपुढे उभं राहून हिशेब द्यावा लागतो.

4 सप्टेंबर 2024 ची कारखान्यातली सभा घ्या. कोविडनंतर युरोपातला गाड्यांचा खप सावरलेला नव्हता, चीनमध्ये तिथल्याच विजेच्या गाड्यांनी बाजार बळकावला होता. हजारो कामगारांनी साहेबांची हुर्यो उडवली. फोक्सवागेन म्हणजे आम्ही, तुम्ही नव्हे, अशा घोषणा दिल्या. त्या गदारोळात वित्तप्रमुख आर्नो अँटलिट्झ यांनी सांगितलं, की वर्षाला पाचेक लाख गाड्यांची मागणी हातची गेली आहे, म्हणजे दोन कारखान्यांचं काम. 1994 पासूनची नोकरीची हमी त्याच महिन्यात मोडीत निघाली.

डिसेंबरात दोनदा काम बंद पडलं आणि नाताळच्या तोंडावर तडजोड झाली. 2030 पर्यंत 35 हजारांहून अधिक जागा कमी होणार, पण सक्तीने कुणाला घरी बसवायचं नाही. कामगारांनीही पगारवाढीवर काही वर्षं पाणी सोडलं. यात जर्मन स्वभावाचं कौतुक कमी, कायद्याचं जास्त. कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या खुर्च्या कामगारांच्या आहेत, आणि नवा कारखाना उभारायला किंवा असलेला हलवायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. याच मंडळाच्या नाकाखाली 2015 ला उघड झालेला डिझेल घोटाळा शिजला, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. पण 1993 च्या मंदीत हजारो माणसं जास्त झाली, तेव्हा याच कंपनीत आठवडा 28.8 तासांवर आणून, पगार थोडे कापून नोकऱ्या वाचवल्या गेल्या.

हे ऐकताना मुंबईचं गिरणगाव आठवतं आणि चीड येते. बाहेरचं संकट तिथेही होतंच: भिवंडीचे यंत्रमाग, कृत्रिम धाग्याचं कापड, सोन्याच्या भावाने चाललेली जमीन. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेकडे, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. ज्याच्या पाठीशी कामगार, त्याला खुर्ची नाही; ज्याला खुर्ची, त्याच्या पाठीशी कामगार नाहीत. अशा स्थितीत गिरण्यांचा खरा ताळेबंद कामगारांपुढे कोण मांडणार? तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

मोठ्या कंपन्यांत कामगारांना निम्म्या खुर्च्या देणारा जर्मन कायदा 1976 चा. त्याच वर्षी आपल्या संविधानात 43-अ कलम आलं: कारखान्याच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा. ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवल्यामुळे त्याच्या आधारे कोर्टात दाद मागता येत नाही. त्यामुळे पुण्याजवळच्या चाकणमधल्या कंत्राटी कामगाराला मागणी घटल्याचं बऱ्याचदा कळतं ते गेटपास बंद झाल्यावर.