अंतर आणि प्रवासकाल : चाकण ते फ्रँकफुर्ट

२००९ साली फोक्सवागेन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा जर्मनीशी संबंध अधिक दृढ झाला. यंत्राचा एखादा सुटा भाग वा तंत्रज्ञ वेळेवर न पोहोचल्यास येथील उत्पादन खोळंबते. म्हणून ‘फ्रँकफुर्ट किती दूर?’ हा प्रश्न येथे केवळ कुतूहलाचा नव्हे.

पृथ्वीगोलावर दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस होय. गोलावर दोरा ताणून धरला असता तो सहज दिसतो. या मार्गाने मुंबई व फ्रँकफुर्ट येथील विमानतळांमधील अंतर सुमारे ६,५७० किलोमीटर भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास ते सुमारे ६,७०० किलोमीटर होईल. म्हणजे बृहद्‌वृत्तामुळे सुमारे १३० किलोमीटरांची बचत होते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर ७ तास १८ मिनिटांत तुटावे. परंतु मध्य अक्षांशांत उंचावरील वारे प्रायः पश्चिमेकडून वाहतात. त्यांचा सरासरी विरोध ताशी ९० किलोमीटर मानल्यास जाताना ८ तास ७ मिनिटे लागतील. परतताना तेच वारे साह्य करीत असल्याने ६ तास ३८ मिनिटे पुरतील. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढउतार व वळणे जमेस धरता जाण्याचा काल सुमारे ९ तासांवर जातो. हवाई हद्दी बंद झाल्यास तो आणखी वाढतो. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानवरील मार्ग बंद असता हा अनुभव आला.

घड्याळ येथे फसवते. हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान ९ तासांनी पोहोचते, तेव्हा फ्रँकफुर्ट येथे पहाटेचे ५॥ वाजलेले असतात. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने ६॥.

आता चाकणकडे वळू. येथून मुंबई विमानतळ सुमारे १३० किलोमीटर आहे, म्हणजे बृहद्‌वृत्ताने वाचविले जवळजवळ तितकेच. आकाशात या अंतरास नऊ मिनिटे लागतात; तळेगाव, घाट व मुंबईची गर्दी ओलांडताना मात्र तीन-चार तास जातात. उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहावे लागते, ते वेगळेच. अशा रीतीने पंधरा-सोळा तासांच्या प्रवासापैकी सुमारे सहा-सात तास विमान भूमी सोडण्यापूर्वीच खर्ची पडतात.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढविला तरी चाकणच्या प्रवाशाचा तासभरही वाचणार नाही. रस्त्यावरील व विमानतळावरील विलंब निम्मा केल्यास मात्र तीन तास वाचतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचे या पट्ट्यास महत्त्व आहे ते याच कारणाने. फ्रँकफुर्ट जवळ आणावयाचे, तर प्रथम मुंबईची वाट जवळ केली पाहिजे.