विश्लेषण : नेटवर्कच्या गर्दीपुढे यंत्राचा मेंदू का थिजतो?

अमेरिकेतील एका अणुऊर्जा केंद्रात २००६ मध्ये दोन पंप थांबले. दोष पंपांत नव्हता, संगणक जाळ्यावरील जादा वाहतुकीत होता. यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकांना ही गर्दी का झेपत नाही आणि त्यावर उपाय काय?

काय घडले होते?

अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी केंद्राच्या तिसऱ्या अणुभट्टीत १९ ऑगस्ट २००६ रोजी पाणी खेळवणारे दोन्ही पंप बंद पडले. कर्मचाऱ्यांनी भट्टी तातडीने बंद केली. पंपांचा वेग ठरवणारे नियंत्रक प्रतिसादच देत नव्हते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा नियंत्रकही निकामी झाला होता. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने २००७ मध्ये याबाबत सूचनापत्र काढले. त्यात जाळ्यावरील अतिरिक्त वाहतुकीकडे बोट दाखवण्यात आले.

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी कशी?

मोबाइलवर एखादे अॅप अर्धा सेकंद उशिरा उघडले तर बिघडत नाही. गाडीची एअरबॅग अर्धा सेकंद उशिरा उघडली तर तिचा उपयोग नाही. अशा यंत्रांत व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स, फ्रीआरटॉस यांसारख्या प्रणाली वापरतात. सरासरी वेग किती, यापेक्षा काम ठरल्या मुदतीत होणार की नाही, हे तेथे महत्त्वाचे असते. म्हणून प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम दिलेला असतो.

इंटरप्ट म्हणजे काय?

पोळ्या लाटताना दारावरची बेल वाजली की गॅस बारीक करून दार उघडायचे आणि परत तव्याकडे वळायचे. इंटरप्ट म्हणजे ही बेल. नेटवर्क कार्डाकडे डेटाचे पॅकेट आले की ते प्रोसेसरला असा इशारा देते. चालू काम कितीही महत्त्वाचे असो, इंटरप्ट सहसा त्यालाही थांबवतो. बेल दर दोन सेकंदांनी वाजू लागली, तर पोळी करपणारच.

गर्दी किती होऊ शकते?

१०० मेगाबिटच्या साध्या इथरनेटवर सर्वांत लहान आकाराची पॅकेट सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार येऊ शकतात. म्हणजे दर ६.७ मायक्रोसेकंदाला एक. समजा, एका पॅकेटच्या इंटरप्टला १० मायक्रोसेकंद लागत असतील, तर प्रोसेसरचा सारा वेळ दार उघडण्यातच जाईल. या अवस्थेला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मधील शोधनिबंधात तिचे आणि तिच्यावरील उपायांचे सविस्तर विवेचन केले. संगणक बंद पडलेला नसतो, उलट तो पूर्ण क्षमतेने राबत असतो. पण हाती काही लागत नाही.

उपाय कोणते?

पहिला, इंटरप्टमध्ये कमीत कमी काम करणे. पॅकेट आल्याची नोंद घ्यायची आणि बाकीची प्रक्रिया ठरावीक प्राधान्य असलेल्या स्वतंत्र टास्ककडे सोपवायची. पंप किंवा ब्रेक सांभाळणारे टास्क त्याच्या वर ठेवता येते.

दुसरा, पहिल्या इशाऱ्यानंतर बेल बंद करणे. मग प्रोसेसर सवडीने स्वतःच डोकावतो आणि एका खेपेत ठरावीक संख्येचीच पॅकेट उचलतो. लिनक्समध्ये ही पद्धत 'नॅपी' नावाने रुळली आहे. २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये सामील झालेल्या 'प्रीएम्प्ट आरटी'मध्ये बहुतेक इंटरप्ट प्राधान्यक्रम असलेल्या थ्रेडमधूनच हाताळले जातात.

तिसरा, गर्दी दारापर्यंत येऊच न देणे. ब्राउन्स फेरीतही नियंत्रकांकडे जाणारी वाहतूक मर्यादित करणारी फायरवॉल हा उपाय सुचवला गेला.

पॅकेट गमावण्याचा धोका नाही का?

आहे, आणि तो जाणूनबुजून पत्करला जातो. रांग भरली की नवी पॅकेट सरळ टाकून दिली जातात. हुकलेले पॅकेट बहुतेकदा पुन्हा मागवता येते, हुकलेली वेळ मागवता येत नाही. त्यामुळे असे उपकरण घेताना त्याचा वेग विचारून भागत नाही. जाळे तुडुंब भरले असतानाही ते मुदत पाळते का, याची चाचणी व्हायला हवी.