अंधारातलं बांधकाम

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मालवणचं स्नॉर्कलिंग आठवतं. ऊन, निळं पाणी, रंगीत मासे. पण नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ ३०० ते ४०० मीटर खोल, जिथे उजेड पोहोचतच नाही, तिथेही प्रवाळ आहेत. २००२ मध्ये सापडलेला तिथला रॉस्ट रीफ सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे! तो बांधलाय 'लोफेलिया' या प्रवाळाने.

उथळ पाण्यातल्या प्रवाळांना त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ अन्न पुरवतं. लोफेलियाकडे ही मेसची सोय नाही. प्रवाहातून येणारे बारीक जीव पकडायचे आणि त्याच एनर्जीवर घर बांधायचं.

पेशींचा थर आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये अगदी पातळ फट असते. पेशी तिथे कॅल्शियम आत घेतात आणि हायड्रोजन आयन बाहेर पंप करतात. फटीतला पीएच वाढतो, कार्बोनेट वाढतं आणि अरागोनाइटचे स्फटिक जमतात. (बारावीत पाठ केलेला पीएच असा भेटेल असं वाटलं नव्हतं.) वाढ किती? वर्षाला फार तर दोन-अडीच सेंटीमीटर. मासेमारीचं एक जड जाळं तळावरून फिरलं की शेकडो वर्षांचं काम भुगा.

त्यात आपला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतोय, पाणी आम्लधर्मी होतंय. जिवंत प्रवाळ जास्त पंपिंग करून निभावून नेतात. खरा घोळ खाली आहे. रीफचा बराचसा भाग म्हणजे मेलेले सांगाडे. त्यांच्यावर पेशींचं पांघरूण नाही, त्यामुळे ते विरघळून सच्छिद्र होतात, म्हाताऱ्या हाडांसारखे. आणि वरची जिवंत फांदी उभी आहे ती त्यांच्याच आधारावर.