गारेच्या पोटात

मे महिन्यातली दुपार. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा. चारच्या सुमारास जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला काळा ढग उभा राहिला, वारं सुटलं आणि पत्र्यावर ताडताड गारा वाजू लागल्या. "भाईर जाऊ नगंस, डोकं फुटंल," आजी ओरडली. विजा थांबल्यावर परड्यातनं आवळ्याएवढी एक गार उचलून आणली. सुरी गॅसवर तापवली आणि गार मधोमध कापली.

आत कांद्यासारखे पदर! मध्ये दुधी, ठिसूळ गाभा, त्याभोवती काचेसारखं कडं, त्यावर पुन्हा पांढरा थर. हे थर होतात कसे? ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. अगदी शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहतो. त्याआधी गोठायला त्याला धुळीच्या कणासारखं काहीतरी निमित्त लागतं. बर्फाचा कण एकदा धरला, की असे थंडगार थेंब त्याच्यावर आदळून गोठत जातात. झटकन गोठले तर हवा आत कोंडते आणि थर पांढरा होतो. पाणी पसरून सावकाश गोठलं, तर थर काचेसारखा नितळ.

मला खरं नवल वाटतं ते पुढचं. बर्फ धरायला लावणारे कण ढगात मोजकेच, पण कित्येकदा बर्फकण मात्र त्यांच्या शेकडो पट सापडतात. हे कसं? १९७४ साली हॅलेट आणि मॉसप या शास्त्रज्ञांनी त्याचं एक कारण प्रयोगातून दाखवलं. उणे ३ ते उणे ८ अंशांच्या पट्ट्यात थेंब बर्फावर गोठताना बारीक किरच्या उडतात. उणे ५ अंशांना एक मिलिग्रॅम पाणी असं गोठलं, तर सुमारे ३५० किरच्या. त्यातली प्रत्येक किरची म्हणजे नव्या बर्फकणाचं बी.

आपल्याकडच्या ढगांतही हा शोध चालू आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं २००९ साली 'कायपीक्स' मोहीम सुरू केली आणि विमान ढगात घालून थेंब नि बर्फकण मोजले. महाबळेश्वरला त्यांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथं ढग दारातून आत येतो, पण तो पाण्याच्या थेंबांचा. बर्फाचं घर त्याच्याही किती तरी वर.

वळवाचे टपोरे थेंब अंगावर गार लागतात, कारण त्यातले बरेचसे वर बर्फच होते, वाटेत वितळले. पुढच्या वळवात गारा पडून विजा थांबल्या, की घरातल्या पोरांना एक गार कापून नक्की दाखवा.