जुन्नर व आंबेगाव : खोऱ्यांच्या सीमा आणि कारभाराच्या सीमा

स्थानिक स्वराज्याचा विचार करताना तालुका हा घटक आपण गृहीत धरून चालतो. तो कोणत्या भूमीवर आखला गेला आहे आणि त्या भूमीचे स्वाभाविक विभाग त्याच्याशी कितपत जुळतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या रांगा फुटतात आणि दोन रांगांच्या मधून एकेक नदी वाहत जाते. जुन्नरमध्ये मांडवी, पुष्पावती, कुकडी व मीना, आणि आंबेगावात घोड. हे सारे पाणी अखेरीस घोड नदीच्या द्वारे भीमेस मिळते. कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर ही खोऱ्यांची नावे नदीच्या नावास 'नेर' जोडून झालेली आहेत, व जुन्या कागदपत्रांत ती तरफांचीही नावे म्हणून आढळतात. म्हणजे एके काळी खोरे हाच कारभाराचा घटक होता. आजच्या तालुक्यांच्या सीमाही स्थूलमानाने याच रांगांच्या माथ्यावरून जातात. नदीवरून प्रदेशास नाव देण्याची रीत आपलीच आहे असे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्यानुसार १९७४ मध्ये स्थानिक कारभाराची पुनर्रचना झाली, तेव्हा हर्टफर्डशायर परगण्यातील एका नव्या जिल्ह्यास चेस, गेड व कोल्न या नद्यांवरून 'थ्री रिव्हर्स' असे नाव देण्यात आले. तेथील 'जिल्हा' हा परगण्याखालचा घटक असल्याने त्याची तुलना आपल्या तालुक्याशीच करावी लागते.

१८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे आठ पोटविभाग दिले आहेत. त्यांत जुन्नर व खेड आहेत, आंबेगाव नाही. त्यास स्वतंत्र तालुक्याचे स्थान पुढे लाभले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून प्रत्येक तालुक्यास पंचायत समिती आहे. तहसीलदार महसुलाचा कारभार पाहतो, गटविकास अधिकारी पंचायत समितीचा. जुन्नर शहरास नगरपरिषद आहे आणि मंचर ही आता नगरपंचायत झाली आहे.

परंतु या प्रदेशाची खरी विभागणी उत्तर-दक्षिण अशी नाही, ती पूर्व-पश्चिम आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस प्रचंड पडतो. तेथे भातखाचरे, नाचणी, वरई व हिरड्याची झाडे आहेत, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांची आहे. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने घटतो. ओतूर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात एके काळची बाजरीची जमीन आज ऊस, द्राक्षे व टोमॅटो पिकविते. हा पालट पावसाने केलेला नाही, तो कालव्यांनी केला. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव व डिंभे ही पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. पश्चिमेचा पाऊस अडवून तो पूर्वेस द्यावयाचा, हे त्यांचे प्रयोजन. (वाढलेल्या उसात बिबट्यांनीही घर केले आणि जुन्नर वनविभागापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव पडले, ते आंबेगाव घोडेवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी, मोठी बाजारपेठ मंचरला आणि नावाचे गाव पाण्याखाली, अशी ही स्थिती आहे.

पश्चिमेकडील गावांचा समावेश अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा केंद्रीय पेसा कायदा व त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे तेथील ग्रामसभेस गौण वनोपजासंबंधी अधिकार मिळाले आणि वाडी-पाड्यासही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याचा मार्ग खुला झाला. विखुरलेल्या वस्तीच्या डोंगरी मुलखात ही तरतूद फार मोलाची आहे, कारण गट ग्रामपंचायतीत दूरच्या वाडीचा आवाज सहज हरवतो. घोडेगावी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. परिणामी एकाच तालुक्यात दोन प्रकारच्या ग्रामसभा नांदतात. पंचायत समिती मात्र दोहोंची एकच.

या व्यवस्थेच्या मर्यादा संकटकाळी उघड्या पडतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावच्या पश्चिम भागातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचली ती त्या वाटेने जाणाऱ्या एस. टी. च्या चालकामुळे. पडकई, म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याची जुनी रीत. तिच्यासाठी यंत्रे वापरल्याने उतार खिळखिळा झाला काय, यावर त्या वेळी बराच वाद झाला. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा हिरडा गोळा करणाऱ्यांना भरपाईसाठी दीर्घकाळ मागणी करावी लागली. शेतातील उभे पीक मोजण्यास सरावलेल्या पंचनाम्यात डोंगरउतारावरचे झाड बसविणे सोपे नव्हते.

पाण्याच्या बाबतीत तर तालुक्याची सीमा जवळजवळ निरर्थक ठरते. डिंभ्याचा डावा कालवा घोडेचे पाणी कुकडीवरील येडगावच्या जलाशयात आणतो, आणि येडगावहून निघालेला कालवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन केव्हा सोडावयाचे याची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. तेथे मंत्री, आमदार व पाटबंधारे खात्याचे अधिकारी बसतात; पंचायत समितीचे मत तेथे निर्णायक नसते, मग पाणलोटातील ग्रामसभेचे तर दूरच. खोऱ्यावर आखलेल्या तालुक्यास आपल्याच नदीच्या पाण्यावर अधिकार नाही, आणि जलाशयाच्या माथ्यावरील वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. त्या टँकरचा प्रस्ताव मात्र ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीमार्फतच वर जातो.