जुना मोबाइल आणि आपल्या वर्गातलं संगीत



तुमच्या घरी कपाटात एखादा जुना मोबाइल नक्की पडून असेल. स्क्रीनला तडा गेलेला, 'हँग होतो' म्हणून बाजूला ठेवलेला. आणि शाळेत पेटी-तबला नसेल, किंवा असूनही वाजवणारं कोणी नसेल. आमच्या दोनशिक्षकी शाळेतही हेच चित्र. या दोन्हींची सांगड कशी घालायची ते आज पाहू.

आधी माझी फजिती सांगतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर तबल्याचं ॲप घेतलं आणि परिपाठात मुलांच्या गाण्याला स्क्रीनवर बोटांनी ठेका धरला. बोट आधी पडायचं, आवाज मागाहून यायचा. दोन ओळींत मुलं एकीकडे आणि ठेका दुसरीकडे! मला वाटलं, आपलाच ताल कच्चा. तो आहेच, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

असं का होतं?

स्क्रीनवर बोट टेकलं की फोन आधी तो स्पर्श ओळखतो, मग ॲप आवाज तयार करतं, तो आवाज क्षणभर साठवून पुढे स्पीकरकडे जातो. या प्रवासात जाणाऱ्या वेळेला लेटन्सी, म्हणजेच विलंब म्हणतात. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये हा विलंब अनेकदा १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त असतो. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. म्हणजे प्रत्येक ठोका मात्रेच्या पाचव्या हिश्श्याने मागे. कान हे लगेच पकडतो. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर विलंब आणखी वाढतो.

आता दुसरी बाजू पाहा. तानपुरा किंवा तयार ठेका एकदा सुरू केला की चालतच राहतो. त्याची सुरुवात जरा उशिरा झाली तरी काही बिघडत नाही. म्हणून जुन्या फोनसाठी एकच नियम लक्षात ठेवा : बोटांनी वाजवायचं काम त्याला देऊ नका, सलग चालणारं काम द्या.

अशी तीन कामं आहेत.

१) सूर धरणे : तानपुऱ्याच्या ॲपमध्ये पट्टी निवडता येते. 'सी शार्प' म्हणजे आपली काळी एक, 'जी शार्प' म्हणजे काळी चार. पुरुषांना साधारण काळी एक-दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. मी रोज माझ्याच पट्टीत प्रार्थना सुरू करायचो. मग मुलं एक तर खालच्या सुरात हरवायची, नाहीतर वरच्या सुरात ओरडायची. चौथीतली एक मुलगी तर नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं, हिला गाण्याची आवड नाही. काळी चारचा तानपुरा लावला आणि आठवड्याभरात तिचा आवाज ऐकू यायला लागला. चूक तिची नव्हती, माझ्या पट्टीची होती.

२) लय धरणे : ८ मात्रांचा केरवा किंवा ६ मात्रांचा दादरा लावा. सुरुवातीला लय मिनिटाला ७०-८० मात्रा ठेवा. मुलांनी टाळ्या द्यायच्या, फोनने ठेका धरायचा.

३) रेकॉर्डिंग : दोन फोन असतील तर उत्तम. एकावर तानपुरा, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. ताट, डबा, बाक, खडे यांचे आवाजही घ्या. जागेची काळजी नको, साध्या दर्जाच्या एमपी३मध्ये एक मिनिट सुमारे १ एमबीत मावतं. मुलांना स्वतःचं गाणं लगेच ऐकवा. कोण घाई करतं, कोण मागे राहतं, हे तीच सांगतील.

हे जरूर पाळा

- फोन फ्लाइट मोडवर ठेवा.
- जुन्या फोनला बहुतेक ३.५ मिमीची हेडफोनची पिन बसते. स्पीकर वायरनेच जोडा.
- चालू असलेलं जुनं ॲप काढून टाकू नका. नवं ॲप जुन्या अँड्रॉइडवर बसेलच असं नाही.
- अनोळखी वेबसाइटवरून ॲप उतरवू नका. आपला बँकेचा नंबर आणि खाती त्या फोनमधून आधी काढा.
- बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन वर्गात आणूच नका.

शेवटी एक उदाहरण. गोरिलाझ या ब्रिटिश बँडने २०१० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना 'द फॉल' हा अल्बम बराचसा आयपॅडवरच्या ॲपमध्ये केला. त्याच वर्षी बाजारात आलेला पहिला आयपॅड आज जुनाट ठरला आहे. नवी ॲप त्यावर चालत नाहीत. पण अल्बम आजही ऐकला जातो.

तेव्हा मित्रांनो, उद्या परिपाठाला तो कपाटातला फोन चार्ज करून न्या. फक्त तानपुरा लावा, पट्टी एकेक करून बदला आणि कुठल्या पट्टीत जास्त मुलं मोकळी गातात ते पाहा. पेटी येईल तेव्हा येईल, मुलांचा सूर तोवर थांबायला नको.