हंटिंग्टन पार्कच्या दोन मुली

२०१२ साली सनडान्स महोत्सवात ‘मोस्किता ई मारी’ हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा त्याच्या दिग्दर्शिका ऑरोरा गेरेरो काही नवख्या नव्हत्या. मेक्सिकोतून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी बर्कलीत शिकली, मग कॅलआर्ट्समध्ये दिग्दर्शन शिकली. ‘रिअल विमेन हॅव कर्व्हज’ या चित्रपटाच्या वेळी पात्रिसिया कार्दोसो यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि २००५मध्ये ‘पुरा लेंग्वा’ हा लघुपट केला. ‘विमिन इमेज मेकर्स’ हा गटही त्यांनी चिकाना, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, मैत्रिणींसोबत उभा केला होता.

तरी या वाटचालीचा गाभा ‘मोस्किता ई मारी’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपटच. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं हंटिंग्टन पार्क ही जवळजवळ पूर्णपणे लॅटिनो कष्टकऱ्यांची वस्ती. तिथली अभ्यासू योलांडा आणि शेजारी राहायला आलेली, कागदपत्रं नसलेली मारी. वडील वारल्यावर घरभाड्याला हातभार लावण्यासाठी मारी पत्रकं वाटते. योलांडा तिला भूमिती शिकवते. दोघींमध्ये जे उमलतं त्याला चित्रपटात कुणीच नाव देत नाही. कबुलीचा प्रसंग नाही, घरातून हाकलणं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आईवडिलांनी राबून जपलेली स्वप्नं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मन मोकळं करायला उसंत तरी कुठे असते?

पैसा उभा राहिला तोही लोकांकडूनच. किकस्टार्टरवर छोट्या छोट्या देणग्यांतून ८० हजार डॉलरहून जास्त जमले. चित्रीकरण त्याच वस्तीत झालं आणि तिथल्या तरुणांना कामात सामावून घेऊन ते शिकवलंही गेलं. फेनेसा पिनेडा आणि वेनेसिया त्रोंकोसो या नवोदित मुलींनी भूमिका केल्या. पडद्यावरची गल्ली खरी वाटते, कारण तिथल्या माणसांना आपण बघे आहोत असं वाटू दिलं गेलं नाही. पुढे स्पिरिट पुरस्कारांत, कमी खर्चाच्या चित्रपटांसाठीच्या जॉन कॅसावेटिस विभागात, चित्रपटाला नामांकन मिळालं.

एवढ्या कौतुकानंतरही नियमित काम टीव्हीवरच मिळालं. एव्हा डुव्हर्ने यांच्या ‘क्वीन शुगर’ मालिकेत सगळे भाग स्त्रियांनीच दिग्दर्शित करायचे असं ठरलं होतं. २०१७च्या दुसऱ्या पर्वात गेरेरो त्यांत आल्या. २०२०मध्ये ‘लिटल अमेरिका’तला ‘द जॅग्वार’ हा भाग त्यांनी केला: कागदपत्रं नसलेली एक किशोरी स्क्वॉश खेळायला शिकते. मालिका दुसऱ्यांची, चौकट ठरलेली, पण ही मुलगी मारीच्याच शाळेत शोभली असती.